पुन्हा पाहिलेले चित्रपट

एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा कशास पाहावयाचा, हा प्रश्न पुष्कळांकडून ऐकू येतो. ज्ञानेश्वरी एकदा वाचून झाली म्हणून कोणी ती कायमची बासनात बांधून ठेवीत नाही. यमनाची एक बैठक ऐकली म्हणून दुसऱ्या बैठकीस जाण्याचे कोणी टाळीत नाही. तेच संगीत नाटक दहा-दहा वेळा पाहणारे रसिक तर महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या होऊन गेले. चित्रपटाच्या वाट्यास मात्र 'तो पाहिला आहे' एवढेच उत्तर येते आणि त्या तीन शब्दांत त्याचा निकाल लागतो. गोष्ट कळली, शेवट कळला. आता उरले काय? हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी कराड येथील एका कुटुंबाने एका मे महिन्यात जे केले, त्याची हकिगत उपयोगी पडण्यासारखी आहे.

कुटुंब लहानच. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले पंचाहत्तरीचे आजोबा, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या आजी आणि सुट्टीसाठी पुण्याहून आलेली, महाविद्यालयात शिकणारी नात. उन्हामुळे दुपारी बाहेर पडण्याची सोय नव्हती. जुने बोलपट हल्ली मोबाइलवर सहज मिळतात आणि घरातील टीव्हीवर मोठे करूनही पाहता येतात. तेव्हा नातीने असा ठराव मांडला की, दर रविवारी दुपारी आजोबांनी पूर्वी पाहिलेला एक चित्रपट सर्वांनी मिळून पाहावयाचा आणि तो संपल्यावर प्रत्येकाने आपले मत स्पष्ट सांगावयाचे. आजी म्हणाल्या, "माझं मत कशाला? माझे सगळे पाहून झालेत." आजोबांनीही मान डोलावली. यादी आजोबांनी केली आणि तीत चारही चित्रपट 'प्रभात'चे निघाले. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली ही कंपनी म्हणजे त्यांच्या लेखी मराठी चित्रपटाचे माहेरघर. तिच्याच आवारात पुढे १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली.

पहिला रविवार 'संत तुकारामा'चा. दामले आणि फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा चित्रपट आजोबांनी प्रथम पाहिला तो वयाच्या दहाव्या वर्षी, पालीच्या यात्रेत, तंबूतल्या सिनेमात. विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसताच म्हातारीकोतारी माणसे हात जोडीत, हे त्यांस अद्याप आठवते. ह्या चित्रपटाची थोरवी नव्याने सांगावयास नकोच. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. परदेशात, व्हेनिसच्या महोत्सवात, त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक पद लोक तुकोबांचाच अभंग समजून म्हणू लागले. कवीला ह्याहून मोठी पावती कोणती मिळावी? पागनिसांचा अभिनय पुन्हा पाहताना एक गोष्ट विशेष ध्यानात येते. त्यांत अभिनय असा दिसतच नाही. सालोमालोची सोंगे चाललेली असताना शेजारी हा मनुष्य नुसता उभा असतो, आणि खरे कोण व खोटे कोण हे एका शब्दावाचून कळते.

चित्रपट संपला तेव्हा आजोबांनी आपले जुने मत सांगितले. तुकाराम थोर, परंतु बायको कजाग मिळाली. अशा कर्कशेबरोबर संसार करून ज्याने चित्ताची शांती ढळू दिली नाही तोच खरा संत. हे मत त्यांचे एकट्याचे नव्हे. कीर्तनांतून, गोष्टींच्या पुस्तकांतून जिजाई अशीच आपल्या कानी पडत आली आहे. नातीस मात्र ते पटले नाही. ती म्हणाली, "आजोबा, मुलगा तापानं फणफणलाय, घरात दाणा नाही, आणि नवरा देवळात. ती ओरडणार नाही तर काय करणार?"

नातीच्या म्हणण्यात तथ्य आहे. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई दुसऱ्या खेपेस पाहिली म्हणजे हा चित्रपट निम्मा तिचा आहे, हे कळून येते. आजारी मुलाला ओढीत, हातात वहाण घेऊन ती विठोबास जाब विचारण्यास देवळात जाते, तो प्रसंग पहिल्या वेळी हसवितो. दुसऱ्या वेळी हसू येत नाही. देवाशी असे भांडण करण्यास देवावर केवढा विश्वास लागतो! तुकाराम देवाची आळवणी करतात, जिजाई त्याच्याशी व्यवहार बोलते. दोघांपैकी कोणासही देव नाही असे क्षणभर वाटत नाही. दामले-फत्तेलाल यांचे मोठेपण हे की, त्यांनी संताचे चरित्र रंगविताना संसाराची बाजू हास्यास्पद होऊ दिली नाही. शेवटी विमान वैकुंठास जाते आणि जिजाई खाली राहते. मुलेबाळे, गुरेढोरे, चूल ह्यांना टाकून ती जाणार कशी?

आजींनी अजून काही मत दिले नव्हते. नातीने आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवट चांगला आहे हो. आज पहिल्यांदा पाहिला."

आजोबा चकित झाले. "अगं, असं काय म्हणतेस? घरी टीव्ही आल्यापासून तीनदा तरी पाहिला आपण."

"तुम्ही पाहिलात. शनिवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा. आळीतली पंधरा माणसं बाहेर बसलेली असायची. त्यांचा चहा, मग मुलांची जेवणं. मला स्वयंपाकघराच्या दारातनं दिसेल तेवढा दिसायचा. शेवटाला मी नेहमी भाकऱ्या थापत असायची."

हे बोलणे तक्रारीच्या सुरात नव्हते. पाऊस पडत होता, असे सांगावे तसे ते सांगितले गेले. आजोबांनी त्यावर काही उत्तर केले नाही. परंतु पुढच्या रविवारी दुपारी स्वयंपाकघराचे दार त्यांनी आपल्या हाताने ओढून घेतले.

दुसरा चित्रपट 'कुंकू', १९३७ सालचा. दिग्दर्शक शांताराम, कथानक ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून घेतलेले. नीरा नावाच्या तरुण मुलीचे काकासाहेब ह्या वयस्क, विधुर वकिलाशी फसवून लग्न लावण्यात येते आणि ती ह्या लग्नास लग्न मानण्याचे नाकारते, एवढीच गोष्ट. हिच्याआधी अडतीस वर्षे, १८९९ साली, देवलांची 'शारदा' रंगभूमीवर आली होती. दोन्हींचा विषय एकच, परंतु फरक मोठा आहे. शारदेला वाचविण्यास दुसरे कोणी तरी धावून यावे लागले. नीरेच्या मदतीस बाहेरचे कोणी येत नाही. ती आपल्या पायांवर उभी राहून नको म्हणते. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, परंतु मुलीची संमती विचारण्याचे काम कोणताही कायदा करीत नव्हता. ते काम शांता आपटे यांच्या नीरेने केले.

कलेच्या दृष्टीने ह्या चित्रपटाचा एक विशेष आज अधिकच जाणवतो. त्यात पार्श्वसंगीत म्हणून नाहीच. जो आवाज ऐकू येतो तो पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंचा किंवा माणसांचा असतो. घड्याळाचे टोले, ग्रामोफोन, रस्त्यावरील गलबला. हल्लीच्या चित्रपटांत पात्राने डोळे पुसण्याच्या आधीच सारंगी रडू लागते आणि प्रेक्षकास कोठे रडावयाचे ते कळविले जाते. 'कुंकू' तसे काही कळवीत नाही. भिंतीवरचे जुने घड्याळ टकटक करीत राहते आणि काकासाहेबांचे वय त्यांच्या कानावर पडत राहते. केशवराव दाते यांनी त्या ऐकण्याचा जो अभिनय केला आहे, तो मराठी पडद्यावरील अभिनयाचा उत्तम नमुना मानावयास हरकत नाही.

मतभेद झाला तो शेवटाविषयी. काकासाहेबांस पश्चात्ताप होतो. नीरेला मुलगी मानून, तिला मोकळे करण्यासाठी ते आपल्या जीविताचा शेवट करतात. आजोबांनी हा चित्रपट पस्तिशीत पाहिला तेव्हा ते काकासाहेबांच्या कलप लावलेल्या मिशांना हसले होते. ह्या खेपेस ते हसले नाहीत. म्हातारपण लपविणाऱ्या माणसाची केविलवाणी धडपड त्यांस आता आतून कळत होती, आणि शेवटाने त्यांचे डोळे भरून आले. नात उसळून म्हणाली, "म्हणजे ते मेले म्हणून त्यांना माफ करायचं? आणि ते मेले नसते तर नीरानं काय करायचं होतं?"

ह्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. गाठ सोडविण्याऐवजी कापून टाकली आहे. ज्या मुलीने पडदाभर अन्यायाशी झुंज दिली, तिची सुटका अखेरीस तिच्या झुंजीने होत नाही, दुसऱ्याच्या मरणाने होते. आजींचे मत ह्या दोघांहून निराळे पडले. त्या म्हणाल्या, "मला त्या काकूचा राग आला. तीही बाईच ना?" नीरेला छळणाऱ्या त्या काकूकडे आजोबांचे किंवा नातीचे लक्षच गेले नव्हते. अन्याय करणारा पुरुष पश्चात्ताप पावतो, त्याला मोठा शेवट मिळतो. परंतु अन्यायाला घरातून रोज हातभार लावणारी माणसे तशीच राहतात, हे आजींनी बरोबर हेरले.

तिसऱ्या रविवारी 'माणूस' झाला. १९३९ सालच्या ह्या चित्रपटात गणपत नावाचा पोलीस शिपाई आणि मैना नावाची वेश्या ह्यांची कथा आहे. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर ही जोडी अत्यंत सुरेख आहे, अनंत काणेकरांचे संवाद चुरचुरीत आहेत, आणि त्या काळच्या बोलपटांतील झाडाखालच्या प्रेमगीतांची त्यात केलेली थट्टा आजही तितकीच लागू पडते. तथापि चारही चित्रपटांत पुनर्भेटीस किंचित उणा पडला असेल तर हाच. मैनेवर एकामागून एक येणारी संकटे दुसऱ्या वेळी आधीच दिसू लागतात, आणि कथेची दोरी कोण ओढीत आहे तेही दिसते.

असे असूनही दोन गोष्टी टिकून राहतात. पहिली गणपतच्या आईची. ती भाबडी म्हातारी मैनेला मायेने जवळ करते, आणि तिच्या मायेनेच मैनेला आपण ह्या घरास योग्य नाही असे वाटू लागते. शिव्याशाप सोसलेल्या मुलीला प्रेम सोसवत नाही. लेखकाची ही पारख खोल आहे. दुसरी गोष्ट शेवटाची. १९३५ सालच्या 'देवदासा'ने प्रेमभंगानंतर दारूत बुडून मरण्याला एक मोहक रूप दिले होते. 'माणूस' त्या मोहास शरण जात नाही. गणपतला जगावे लागते, कामावर जावे लागते. आजोबांस तरुणपणी हा शेवट बेचव वाटला होता. आता ते म्हणाले, "कामावर जाणं हाच पराक्रम असतो पुष्कळदा." नातीने हे वाक्य वहीत उतरून घेतले, आणि आजी म्हणाल्या, "बायकांचं तर रोजचंच आहे."

चवथा 'शेजारी', १९४१ सालचा. शांतारामांनी 'प्रभात'साठी केलेला हा शेवटचा चित्रपट. पटकथा विश्राम बेडेकरांची. गावातील दोन म्हातारे मित्र, एक हिंदू व एक मुसलमान, बुद्धिबळाच्या पटावर बसून आयुष्य काढीत आहेत. गावाजवळ धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाच्या वाटेत त्यांची दोस्ती येते, म्हणून तो ती मोडतो. अखेरीस फुटलेल्या धरणाच्या पाण्यात दोघे हातात हात घालून जातात. मराठीत केशवराव दाते यांनी जिवबाचे आणि गजानन जागीरदार यांनी मिर्झाचे काम केले. हिंदी 'पडोसी'त मिर्झा जागीरदारच राहिले आणि ठाकूर झाले मजहर खान. म्हणजे हिंदूने मुसलमानाची व मुसलमानाने हिंदूची भूमिका केली. एकमेकांच्या अंगरख्यात शिरून पाहण्याचा हा प्रयोग चित्रपटाच्या सर्व उपदेशाहून अधिक बोलका आहे.

आजोबांनी हा चित्रपट आजवर ऐक्याचा पाठ म्हणून पाहिला होता, आणि तो तसा आहेच. परंतु ह्या खेपेस ते मध्येच ताठ होऊन बसले. चौतीस वर्षे त्यांच्या टेबलावरून धरणांच्या फायली गेल्या होत्या. भूसंपादनाचे प्रस्ताव, गट क्रमांक, बुडीत क्षेत्र, मोबदला. धरणे हवीतच, त्यांवाचून पिके नाहीत व वीज नाही, असे त्यांचे मत होते आणि आजही आहे. तथापि बुडणाऱ्या गावात जिवबा आणि मिर्झा राहतात, त्यांचा पट कोठे मांडावयाचा हा प्रश्न कोणत्याही रकान्यात भरावयाचा नसतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. चित्रपटाच्या आधी वीस वर्षे, १९२१ ते १९२४ च्या दरम्यान, मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. 'शेजारी' पाहण्यास आलेल्या पुण्याच्या प्रेक्षकांस ते विसरणे शक्य नव्हते. आज तो संदर्भ गळून पडला आहे आणि आपण फक्त ऐक्याचा बोध घेऊन घरी जातो.

दोषही सांगितला पाहिजे. खलनायक एकच आणि तो सर्वस्वी काळा, ही चित्रपटाची सोय आहे. गावे अशा एका माणसाच्या कारस्थानाने फुटत नाहीत. संशयाचे बी आधीच पडलेले असते, बाहेरचा मनुष्य त्याला पाणी घालतो एवढेच. आजोबांनी हे बोलून दाखविले, आणि मग थोड्या वेळाने म्हणाले, "आम्हीसुद्धा सह्या करून घ्यायला आधी एका भावाला गाठायचो. दुसरा मग आपोआप यायचा." खोलीत कोणी काही बोलले नाही. चित्रपट पाहून असे वाक्य एखाद्याच्या तोंडून निघावे, ह्यापेक्षा त्या चित्रपटाचे निराळे परीक्षण करण्याचे कारण उरत नाही.

ह्याप्रमाणे महिना सरत आला. चार चित्रपटांपैकी तीन दुसऱ्या भेटीत वाढले, एक थोडा घटला. परंतु नीट पाहता चित्रपटाच्या फितीत एका चौकटीचाही फरक पडलेला नव्हता. जो दहा वर्षांचा मुलगा जिजाईस हसला, जो पस्तिशीचा कारकून काकासाहेबांस हसला, तो बदलला होता. चांगल्या चित्रपटाचे एक लक्षण ह्यावरून सांगता येईल. पहिल्या खेपेस तो मधल्या माणसाची गोष्ट सांगतो आणि कडेच्या माणसांस पुढच्या खेपेसाठी जपून ठेवतो. ज्यात कडेचे कोणी नाहीच, तो एकदा पाहून संपतो.

पुन्हा पाहण्याची ही संधी गृहीत धरण्यासारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा काही भागच आज शिल्लक आहे. मूकपटांच्या युगातील बहुतेक चित्रपट नाहीसे झाले. जुन्या फिती नायट्रेटच्या. त्या चटकन पेट घेतात. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींना आग लागली आणि 'प्रभात'च्या मूळ फितींसह कितीतरी जुना ठेवा जळाला. पुढील प्रती निघाल्या होत्या म्हणून अनेक चित्रपट आज डोळ्यांस दिसतात. ज्यांच्या प्रती निघाल्या नव्हत्या, त्यांतील जिजाया आणि काकू आता कोणास पाहावयास मिळणार नाहीत.

त्या मे महिन्यात रविवार पाच आले. पाचव्या रविवारचा चित्रपट कोणता, असे नातीने विचारताच आजोबा म्हणाले, "हिला विचार." आजींनी फार वेळ घेतला नाही. त्या म्हणाल्या, "तुकारामच लावा. मधला भाग मला नीट पाहायचाय. मागच्या वेळी सारखं वाटत होतं, दूध वर ठेवलंय."

त्या दिवशी चहा चित्रपटाच्या आधीच झाला. तो आजोबांनी केला आणि साखर जास्त पडली. परंतु तशी तक्रार कोणी केली नाही. चित्रपट पहिल्या अभंगापासून विमान दिसेनासे होईपर्यंत चालला आणि आजी जागच्या हलल्या नाहीत. संपल्यावर मत विचारण्याचा नियम नातीने पाळला. आजी म्हणाल्या, "तिला एकदा तरी कुणी 'बैस' म्हणायला हवं होतं." आजोबांनी मान हलविली.

पुष्कळ घरांत असे पाहिलेले आणि न पाहिलेले चित्रपट असतील. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच पडद्यासमोर असूनही घरातील कोणी तरी त्यांतला अर्धाच पाहिलेला असतो, आणि 'सगळ्यांनी पाहिला' असे घर धरून चालते. तेव्हा एखादा जुना चित्रपट पुन्हा लावावा; लावताना तो कोणाचा अर्धा राहिला आहे, ह्याची चौकशी करावी; आणि त्या व्यक्तीस पडद्यासमोरची चांगली जागा द्यावी. गोष्ट तीच असेल, शेवटही तोच असेल. पाहणारे मात्र तेच राहतील असे नाही.